नायक आवडला नाही तरी प्रेक्षक का बसून राहतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही गुन्हेगारीपटाची पटकथा लिहिताय. नायक एका पतसंस्थेचा वसुली एजंट आहे. तो कावेबाज आहे, कर्जदारांना एकमेकांविरुद्ध वापरतो आणि शेवटपर्यंत सुधारत नाही. निर्माता म्हणतो, ‘हा माणूस कुणाला आवडणार नाही, याला थोडी सिम्पथी द्या.’ म्हणून तुम्ही विसाव्या पानावर त्याच्या आईचं आजारपण घातलंय आणि तो सीन तुम्हालाच खटकतोय. तुम्ही ‘नाइटक्रॉलर’ या हॉलिवूडपटाचा दाखला दिलात, पण त्यातल्या नायकाबरोबर लोक दोन तास का बसतात, हे निर्मात्याला पटेल असं सांगता आलं नाही.

पटकथा वाचणं, दुरुस्त करणं आणि एडिटला संकलकाशेजारी बसणं हेच माझं काम असल्यामुळे हा वाद माझ्यासमोर सतत होत असतो. माझं मत ठाम आहे. प्रेक्षक आधी माणसाला धरत नाही, त्याच्या हातातलं काम धरतो. या माणसाला आत्ता नेमकं काय हवंय, ते मिळवायला तो काय करतोय आणि मध्ये काय आडवं येतंय, एवढं स्पष्ट दिसलं की प्रेक्षक त्याच्याबरोबर चालू लागतो. तो चांगला की वाईट हा हिशेब मागाहून सुरू होतो आणि तोवर प्रेक्षक बराच पुढे आलेला असतो. चित्रपटांचे शेवट उघड करूनच बोलणार आहे, त्याशिवाय हे समजावता येत नाही.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा हिचकॉकने १९६० साली ‘सायको’मध्ये देऊन ठेवलाय. पहिला पाऊण तास आपण मॅरियनबरोबर असतो. ती ऑफिसातले चाळीस हजार डॉलर घेऊन पळालेली आहे. मोटेलच्या बाथरूममध्ये तिचा खून होतो. मग मोटेल चालवणारा तरुण नॉर्मन बेट्स येतो आणि बराच वेळ, एकही संवाद नसताना, नुसती साफसफाई करतो. हात धुतो, टब धुतो, फरशी पुसतो, प्रेत शॉवरच्या पडद्यात गुंडाळून तिच्याच गाडीच्या डिकीत ठेवतो. खोलीत एक वर्तमानपत्र राहिलेलं असतं. त्यात पैसे आहेत हे आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. तेही तो डिकीत टाकतो. गाडी दलदलीत ढकलतो. गाडी हळूहळू बुडते आणि मध्येच थांबते. छप्पर वर राहतं. नॉर्मन इकडेतिकडे बघतो. त्या काही सेकंदांत बघणारा प्रत्येक जण मनात म्हणत असतो, बुड एकदाची! ज्या बाईची आपल्याला इतका वेळ काळजी होती, तिचंच प्रेत त्या डिकीत आहे. नॉर्मनची आणि आपली ओळखही तोवर जेमतेमच झालेली असते. आपण एक काम पहिल्यापासून पाहिलं, त्यातली प्रत्येक पायरी पाहिली, आता ते अर्धवट राहू नये असं वाटतं. एवढंच.

मरी स्मिथ या चित्रपट-अभ्यासकाने १९९०च्या दशकात यावर फार उपयोगी मांडणी केली. पात्राच्या सोबत असणं वेगळं आणि पात्राची बाजू घेणं वेगळं, असं तो म्हणतो. सोबत ही कॅमेऱ्याने आणि माहितीने तयार होते: आपण कुणाच्या मागे मागे जातो, कुणाला जे कळतं ते आपल्यालाही त्याच वेळी कळतं. बाजू घेणं हा नैतिक निवाडा असतो. आपल्याकडे नरेशनच्या खोलीत, म्हणजे निर्मात्याला पटकथा ऐकवताना, या दोन गोष्टींची सतत सरमिसळ होते. निर्मात्याला भीती असते प्रेक्षक उठून जाण्याची, म्हणजे सोबत तुटण्याची, आणि तो इलाज सुचवतो बाजू घ्यायला लावण्याचा.

आता ‘नाइटक्रॉलर’. डॅन गिलरॉयने तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच चित्रपट, २०१४ सालचा. पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. तुमच्या निर्मात्याला सांगायला एक आकडाही देते: चित्रपट सुमारे ८५ लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने जगभरात सुमारे ५ कोटी डॉलरचा धंदा केला. लू ब्लूम हा लॉस एंजेलिसमधला बेकार माणूस. रात्री अपघात आणि खुनाच्या ठिकाणी पोलिसांच्या मागोमाग पोहोचायचं, चित्रण करायचं आणि सकाळच्या बातम्यांसाठी ते टीव्ही चॅनलला विकायचं, हा धंदा त्याला सापडतो.

सुरुवातीच्या सीनचा क्रम बघा, कारण तिथेच तुमचं उत्तर आहे. पहिल्याच सीनमध्ये लू रात्री तारेचं कुंपण कापून चोरतोय. रखवालदार येतो. लू गोड बोलतो, त्याच्या घड्याळाकडे बघतो आणि त्याच्यावर झडप घालतो. कट. लू गाडी चालवतोय आणि ते घड्याळ त्याच्या मनगटावर आहे. मारामारीचा शेवट दाखवलाच नाही, घड्याळाने सगळं सांगितलं. त्यानंतर तो चोरीचा माल एका भंगारवाल्याला विकायला जातो, भावात घासाघीस करतो, हरतो आणि मग त्याच माणसाकडे नोकरी मागतो. अगदी मनापासून मागतो. मी मेहनती आहे, लवकर शिकतो, सुरुवातीला फुकटही काम करीन. समोरचा म्हणतो, मी चोराला कामावर ठेवत नाही.

साधारण पटकथा-लेखकाने हा क्रम उलटा ठेवला असता. आधी नोकरीसाठी वणवण, नकार, अपमान, आणि मग नाइलाजाने चोरी. गिलरॉयने गुन्हा आधी ठेवला आणि गरज नंतर. त्यामुळे आपली फसवणूक होत नाही. हा माणूस काय चीज आहे हे आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलंय आणि तरीही त्याला काम हवंय ही गोष्ट आपल्याला आतून कळते, कारण काम मागायला आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलेलो असतो. चित्रपट पुढे लूबद्दल काहीही नवीन ‘उघड’ करत नाही. आईवडील नाहीत, बालपण नाही, जुनी जखम नाही. एक खोली, खिडकीतलं एक रोपटं, इस्त्री आणि टीव्ही. एवढ्यावर जेक जिलेनहॉलने तो उभा केलाय, वजन उतरवून, डोळ्यांची पापणी जवळजवळ न हलवता.

मग तो शिकायला लागतो. हा भाग माझ्या मते चित्रपटाचा कणा आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. चोरलेली सायकल विकून तो कॅमेरा आणि पोलिसांचा रेडिओ ऐकायचं यंत्र मिळवतो. पोलिसांचे सांकेतिक आकडे पाठ करतो. पहिलं चित्रण विकलं जातं २५० डॉलरला. वृत्तविभागाची प्रमुख नीना त्याला सांगते की काय खपतं: सुखवस्तू वस्तीत शिरलेली गुन्हेगारी. तो ते ऐकतो, डोक्यात ठेवतो आणि वापरतो. रिक नावाचा बेघर तरुण तो रात्रीला ३० डॉलरवर मदतनीस म्हणून ठेवतो. लूबरोबर आपणही हा धंदा शिकतो. कुठला कॉल घ्यायचा, कुठून वळलं की लवकर पोहोचतो, कोणत्या चित्राला किती भाव. एखादा माणूस एखाद्या कामात हळूहळू तरबेज होतोय हे बघण्याचं सुख फार जुनं आणि फार खोल आहे. ते काम घाणेरडं असलं तरी ते सुख कमी होत नाही, याची आपल्याला स्वतःलाच लाज वाटते, आणि त्या लाजेवर चित्रपट पुढे चालतो.

त्याची वाईट कृत्यं एका चढत्या क्रमाने येतात आणि प्रत्येक कृत्य मागच्या यशातून निघतं. आधी एका घरात घुसून तो फ्रिजवरचे कौटुंबिक फोटो गोळ्यांच्या भोकांजवळ सरकवतो, चित्र चांगलं दिसावं म्हणून. फोटोच तर आहेत, असं आपण मनात म्हणतो. मग एका अपघाताच्या जागी तो पोलिसांच्या आधी पोहोचतो. प्रेत फ्रेममध्ये नीट बसत नाही म्हणून तो ते ओढून सरकवतो आणि कॅमेरा उंच धरून शॉट घेतो. पुढे प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत बिघाड करतो. मग खुनी माणसांचे चेहरे दिसणारं चित्रण पोलिसांपासून दडवतो आणि त्यांना पकडण्याची वेळ आणि जागा स्वतः ठरवतो. शेवटी रिकला खोटं सांगून जिवंत मारेकऱ्यासमोर पाठवतो आणि त्याचं मरण चित्रित करतो. थेट पहिल्यावरून शेवटच्यावर उडी मारली असती तर प्रेक्षक गळालाच असता. प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा जरा वर आहे, म्हणून आपण चढत जातो आणि वर पोहोचल्यावर खाली बघतो.

प्रेत सरकवण्याच्या सीनमधलं संगीत पुन्हा ऐका. संगीतकार जेम्स न्यूटन हॉवर्डने तिथे भीतीचे, घृणेचे सूर दिलेले नाहीत. संगीत उभारी घेतं, एखाद्या कलाकाराला त्याची शैली सापडावी तसं. ते लूच्या डोक्यातलं संगीत आहे. आपल्याकडे असल्या सीनला खालून गडद ‘ड्रोन’, म्हणजे एकसुरी घुमणारा आवाज, लावायची सवय आहे. तसं केलं की चित्रपट प्रेक्षकाला सांगतो, ‘घाबरू नका, हे वाईट आहे हे आम्हालाही माहीत आहे.’ प्रेक्षक सुटतो, खुर्चीत मागे रेलतो आणि अंतरावरून बघायला लागतो. ‘नाइटक्रॉलर’ ती सुटका देत नाही. डोळ्यांसमोर प्रेत, कानात विजयाचे सूर, आणि निवाडा ज्याचा त्याने करायचा. एडिटवर बसून मी हे अनेकदा अनुभवलंय की निषेधाचं संगीत काढून टाकलं की तोच सीन दुप्पट अस्वस्थ करतो.

आता कावेबाजपणाबद्दल, कारण तुमच्या नायकाचा तोच मुख्य गुण आहे. लू माणसांना फिरवतो, पण कसा ते बघा. नीनाला तो मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावतो आणि तिची नोकरी, तिचं वय, चॅनलचा खाली गेलेला क्रमांक हे सगळं शांतपणे मांडून तिच्याकडे शरीरसुखाची मागणी करतो. अत्यंत किळसवाणा सीन आहे. पण त्यात तो एकही गोष्ट खोटी सांगत नाही. नीना त्याला हाकलून देऊ शकते, आणि देत नाही, कारण तिला उद्याची बातमी हवी आहे. रिकचंही तसंच. त्याला सगळं दिसतं, तो प्रश्न विचारतो, पण शेवटी तोही पैसे वाढवून मागतो. लूचा खरा पकडदोरा म्हणजे समोरच्याची गरज. तो तीच ओढतो. म्हणून त्याचे बळी मूर्ख वाटत नाहीत, आणि म्हणून तो हुशार वाटतो.

कावेबाज नायकाच्या पटकथा इथेच सर्वांत जास्त पडतात. लेखकाला नायक हुशार दाखवायचा असतो म्हणून तो बाकीच्यांना बावळट करतो, आणि वर दोन पात्रांच्या तोंडी ‘काय डोकं आहे याचं!’ घालतो. बावळट माणसाला फसवण्यात कुणाचंच डोकं दिसत नाही. दुसऱ्या बाजूचा माणूसही तितकाच सावध हवा. त्याने योग्य शंका घ्यावी आणि तरीही, स्वतःच्या हव्यासापायी किंवा नडीपायी, पुढचं पाऊल टाकावं.

आपण प्रेक्षक या सगळ्यात कुठे आहोत? नीनाच्याच रांगेत. गोळीबाराच्या ठिकाणी लू आणखी जवळ जातो तेव्हा आपल्यालाही आणखी जवळून बघायचं असतं. लू जे विकतो त्याचे गिऱ्हाईक आपणही आहोत. यापेक्षा घट्ट बंधन सहानुभूतीने कधीच तयार होत नाही. शिवाय एक गुपितही आहे: त्याने चित्रण दडवलंय हे पोलिसांना माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. डिटेक्टिव्ह बाई त्याची चौकशी करते तेव्हा तो सापडावा असंही वाटतं आणि तो कसा निसटतो हेही बघायचं असतं. ही ओढाताण म्हणजेच गुंतणं.

आता ‘सिम्पथी’च्या इलाजाबद्दल. त्याविरुद्ध सगळ्यात चांगला दाखला आपल्या इथला आहे, श्रीराम राघवनचा २०१५चा ‘बदलापूर’. पुण्यात बँकेवर दरोडा पडतो, दरोडेखोर पळताना रघूची बायको आणि लहान मुलगा मारले जातात. चित्रपट माणसाला यापेक्षा मोठं दुःख देऊ शकत नाही, आणि हे सुरुवातीलाच दिलंय. पकडला गेलेला लायक तुरुंगात जातो, रघू बदलापूरला जाऊन पंधरा वर्षं वाट बघतो. तुमच्या निर्मात्याच्या हिशेबाने रघूच्या खात्यात आयुष्यभर पुरेल एवढी सहानुभूती जमा आहे. तरीही जेव्हा तो लायकचा दरोड्यातला साथीदार हरमन याला यातना व्हाव्यात म्हणून त्याच्या निरपराध बायकोची विटंबना करतो, आणि पुढे त्या दोघांनाही मारतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्यापासून मागे सरतो. उलट, खोटारडा, लबाड, गुन्हेगार लायक आपल्याला बांधून ठेवतो. तो सतत काहीतरी करत असतो: पळायची युक्ती काढतो, बोलून वेळ मारून नेतो, आईला गोड बोलतो. आणि शेवटी रघूने केलेले खून स्वतःवर घेऊन सगळ्यांना चकित करतो. एकीकडे भरपूर कारण असलेला नायक हातातून सुटला आणि दुसरीकडे काहीही कारण न देता लू ब्लूम टिकला. भूतकाळातलं दुःख प्रेक्षकाला वर्तमानात बांधून ठेवत नाही. (राघवनने हे अगदी जाणून केलंय, रघूपासून दूर जाणं हाच त्या चित्रपटाचा विषय आहे. पण तुम्हाला ते करायचं नाहीये.)

आणि ‘असले नायक तिकडे हॉलिवूडमध्ये चालतात’ हे तर मराठी माणसाने म्हणूच नये. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, वेगवेगळ्या नावांनी बायकांना लग्नाच्या आमिषाने फसवणारा, लुबाडणारा. त्याच्यात आवडण्यासारखं काय आहे? प्रभाकर पणशीकरांनी त्याची पाच रूपं रंगवली आणि हजारो प्रयोगांना घरच्या घरं लोटली. त्यात बायका होत्या, म्हातारी माणसं होती. रचना बघा: लखोबा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे हे आधीच ठरलेलं. साक्षीदार येतो, फिरता रंगमंच फिरतो, फसवणूक डोळ्यांसमोर घडते, आणि पुन्हा कोर्टात तो चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणतो, तो मी नव्हेच. हा खोटं बोलतोय हे प्रत्येकाला माहीत असतं. आता यातून कसा सुटेल, एवढंच बघायचं असतं. पण अत्र्यांनी फसवलेल्या बायकांना हसण्यावारी नेलेलं नाही. त्यांची साक्ष जड आहे, ती ऐकताना प्रेक्षागृह गप्प होतं. बळीच्या वेदनेला पूर्ण वजन दिलं की नायकाच्या चलाखीकडे बघण्याची मुभा प्रेक्षक स्वतःला देतो. ते वजन काढलं तर चलाखी पोकळ होते आणि चित्रपट मवाली वाटायला लागतो. तुमच्या पटकथेत मला हीच गोष्ट सर्वांत जास्त तपासावीशी वाटते.

शेवटाबद्दल थोडक्यात. हॉलिवूडमध्ये १९३४पासून काही दशकं, पडद्यावर काय दाखवायचं यावर बंधनं घालणाऱ्या निर्मिती-संहितेमुळे गुन्हेगाराला शिक्षा दाखवावीच लागे. आपल्याकडे ‘दीवार’चा विजय आणि ‘बाजीगर’चा अजय दोघेही आईच्या कुशीत मरतात. तो एक प्रकारचा तह होता: अडीच तास त्याच्याबरोबर मजा करा, शेवटी तो किंमत मोजेल. लू मोजत नाही. चित्रपट संपताना त्याच्याकडे दोन नवीन गाड्या आणि नवे शिकाऊ आहेत. हा शेवट टिकतो, कारण त्याला बक्षीस देणारी सगळी यंत्रणा आपण पायरीपायरीने बघितलेली असते. तुमचा एजंट सुटणार असेल तर त्याच्या वसुलीवर खूश होणारं पतसंस्थेचं संचालक मंडळ आम्हाला आधीपासून दिसलं पाहिजे, सत्कार आणि श्रीफळासकट.

तर तुमच्या पटकथेचं काय करायचं? आईच्या आजारपणाचा सीन काढा. त्याच्या जागी एक पूर्ण वसुली ठेवा, सुरुवातीपासून पैसे हातात पडेपर्यंत, मध्ये कुठेही न कापता. तो कर्जदाराच्या गल्लीत कधी जातो, आधी चहाच्या टपरीवर कुणाशी बोलतो, जामीनदाराच्या मेव्हण्याचं लग्न कधी आहे हे त्याला कसं कळतं, हे सगळं मला बघायचंय. कर्जदार त्याच्याइतकाच तयारीचा करा. त्याच्याकडे वकिलाचा सल्ला असू दे, पावत्यांची फाइल असू दे. आणि पैसे मिळाल्यावर कॅमेरा लगेच एजंटबरोबर बाहेर काढू नका. कर्जदाराच्या घरात एक मिनिट थांबा. मग एजंटकडे या, तेव्हा तो डायरीत पुढचं नाव बघत असेल.

निर्मात्याला पूर्ण गोष्ट पुन्हा ऐकवू नका. हा एकच सीन वाचून दाखवा, वसुली अर्धवट असताना थांबा आणि तो ‘पुढे काय झालं?’ म्हणून विचारतो का ते बघा.